एक सपाट चमचा

पोट भरलं म्हणता, मॅडम, पण ताटात निम्मी भाजी तशीच आहे की. — नाही, नाही, लाजू नका, मी काय तुम्हाला रागावतेय होय! रोज ऐंशी ताटं परत येताना बघते मी, कुणाचं पोट भरलंय आणि कुणाचं तोंड वळलंय ते मला लांबून कळतं. कडेला सारलेला भोपळा हा भरल्या पोटाचा नसतो. असू दे. ठेवा ते ताट तिकडं, मी उचलते. — कुठं होतो आपण? हां, भोपळा. लिहा तुम्ही. भोपळा बारा किलो, साल काढायची नाही, नुसता घासून धुवायचा. गाजर चार किलो. पालक अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, नाहीतर तो काळा पडतो, आणि म्हाताऱ्या माणसांना ताटात काही काळं दिसलं की आधी नाकच मुरडतात. तेल या वाटीनं दीड वाटी. आणि मीठ — मीठ एक सपाट चमचा. मोठ्या पातेल्याला एक. तो बघा, दोरीला बांधलाय तो, तुमच्याच खात्यानं दिलाय, सोबत पट्टीपण दिलीय, वरचं मीठ सपाट करायला. मिठाचा डबाही तुमच्याकडूनच येतो, महिन्याचा मोजून, वर सील लावून. लिहिलंत? एक सपाट चमचा. — हो, एवढंच. — हो म्हटलं ना, मॅडम.

आता तुम्ही विचारणार, की हीच कृती चाळीस स्वयंपाकघरांना दिलीय, तोच चमचा, तीच पट्टी, मग तिकडं बादल्या भरून वाहतात आणि इथलीच कशी रिकामी? विचाराच, सगळे विचारतात. मागं ते फोटो काढायला आले होते, त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, हाताची चव. खूश झाले, लिहूनही घेतलं. — बादलीचा नियम तुमच्याच कचेरीतला, तुम्हाला मी काय सांगायचं, पण कागदावर वाचणं वेगळं आणि ती बादली रोज उचलणं वेगळं, म्हणून सांगते. जेवणं झाली की ताटातलं उरलेलं सगळं त्या निळ्या बादलीत. बादली काट्याला. आकडा त्या भिंतीवरच्या तक्त्यावर, तक्त्याचा फोटो तुमच्याकडं. सलग तीन महिने रोजची सरासरी दहा किलोच्या वर गेली की समजायचं, लोक हे खात नाहीत — आणि लोक खातच नसतील तर सरकारनं पैसा घालायचा कशाला? बरोबरच आहे, मी कुठं नाही म्हणते! पण स्वयंपाकघर बंद म्हणजे भाजी घेणंही बंद. शेताचा पैसा आणि ताटाचा पैसा एकाच कागदावर मंजूर झालेला. तिकडं औषधं न मारता, पोत्यातलं खत न घालता पिकवायचं, आणि इकडं ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय त्यांना ते ताजं ताजं खाऊ घालायचं. किती चांगली गोष्ट आहे हो! मी पहिल्या दिवशी नवा ॲप्रन शिवून घातला होता, हसाल तुम्ही.

पहिल्या दिवशी बादली अठरा किलो. दुसऱ्या दिवशीही अठरा. आमचे ते कंडक्टर आहेत ना, आत्ता जाताना तुम्हाला तिकीट काढलंत का विचारून गेले ते, त्यांनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मावशी, आजारी मी आहे की ही भाजी?” सगळे हसले. मीही हसले. मग बादली काट्याला लावली आणि हसू गेलं. काय केलं नाही मी! लिंबू पिळलं, आलं किसून घातलं, कोथिंबीर घातली, ताटात गाजराची फुलं कापून ठेवली — फुलं तेवढी खाल्ली, बाकी बादलीत. दोन महिने गेले असे. आणि एक दिवस मागच्या दाराशी ताई आली. — माझी थोरली बहीण. भाजी तिचीच येते, तिची आणि आणखी सहा घरांची, पण भोपळा आणि गाजर तिचंच. एरवी क्रेट उतरवून ती लगेच वळायची, त्या दिवशी नेमकी बादली दारातच होती, झाकण नव्हतं. ताईनं वाकून बघितलं. आत हात घातला, गाजराचा तुकडा काढला, बाहीला पुसला आणि खाल्ला. आणि मला म्हणाली, “कडू निघतंय का गं?” एवढंच. अहो, ही बाई लहानपणी मी ताटात दोन घास टाकले तर पाठीत धपाटा घालायची, आणि ती माझ्यापुढं अशी उभी, जसं काही चूक तिचीच. औषधं सोडली तेव्हा पहिल्या वर्षी गाजरं करंगळीएवढी निघाली होती. भाऊजी म्हणायचे, माती रुसलीय, रुसू दे, तीन वर्षांनी बोलेल. आणि त्यांना त्या कागदावर सही करायला कुणी लावलं? मीच. मीच म्हटलं होतं, कर सही, ताई, मी आहे ना तिकडं, तुझी भाजी माझ्याच पातेल्यात येणार, घाबरतेस काय.

पुढं काय! पुढं लोकांना सवय झाली. जीभ वळते हळूहळू. अठराचे अकरा झाले, अकराचे सहा, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सरासरी साडेनऊ — काठावर, पण आत. माझा जीव भांड्यात पडला. नंतर तर दोन, दीड, कधी नुसती भोपळ्याची देठं. लिहा की, सवय. — ती? खिडकीजवळची ती रिकामी खुर्ची? ती मास्तरांची. नाही, तसं काही नाही, आहेत ते, हॉस्पिटलात आहेत. गुरुवारी नेलं. छातीत पाणी झालं, आता उतरतंय म्हणतात. चाळीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. पहिल्या दिवसापासून इथं येतात, आणि त्या अठरा किलोच्या काळातही ताट रिकामं करायचे, एकटेच. एकदा मी म्हटलं, मास्तर, तुम्हाला आवडतं का हो खरंच? तर म्हणाले, “आवडीचा प्रश्न कुठं आला, मावशी, कुणीतरी पिकवलंय, कुणीतरी शिजवलंय.” असा माणूस. त्यांच्या कार्डावर तो लाल ठिपका आहे, म्हणजे हृदय कमजोर, मीठ जवळजवळ बंदच. — आता हॉस्पिटलात का गेले म्हणजे? वय झालं, मॅडम. होतं असं.

पाय सुजायचे त्यांचे. गेल्या उन्हाळ्यापासून. मला दिसायचं ना, मी ताट ठेवायला वाकले की आधी चपलाच दिसतात माणसाच्या. त्यांच्या बुटाचं बक्कल आधी तिसऱ्या भोकात असायचं, मग दुसऱ्या, मग पहिल्या, मग पट्टा उघडाच, आणि एक दिवस बघते तर बुटांचे मागचे भाग दाबून स्लीपरसारखे घातलेले. मी लक्ष दिलं नाही असं नाही हं, मॅडम. उलट माझंच लक्ष होतं, घरच्यांच्या आधी. म्हणूनच मी त्यांना तीन दिवस वेगळं ताट केलं. — वेगळं म्हणजे वेगळं, बाजूला काढलेलं. — म्हणजे... बिनमिठाचं.

बोलून गेले ना मी.

लिहू नका. नाही — थांबा. आधी ऐका, मग काय लिहायचं ते लिहा. तो फडताळात वर पावडरचा डबा दिसतोय? फुलांचं चित्र असलेला. काढा खाली. घ्या हातात, चावत नाही. जड आहे ना? आणि वास कसलाच नाही. ताई गाजर खाऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो डबा घरून आणला, धुऊन, वाळवून, वरची भोकं दाभणानं जरा मोठी करून. तुमचा मिठाचा डबा सीलबंद, त्यातलं जास्त घेतलं तर महिनाअखेर कळणार. म्हणून हे माझ्या घरचं. ॲप्रनच्या खिशात डबा, कुणी बघितलं तर म्हातारी बाई मानेला पावडर लावतेय, चुलीपुढं घाम येतो, त्यात काय एवढं! आधी तुमचा तो एक सपाट चमचा घालायचा, सगळ्यांसमोर, पट्टी फिरवून. मग पाठ वळवून डबा तीनदा हलवायचा. पहिल्या आठवड्यात तीनदा. मग पाचदा. मग — काय सांगू, मीठ असं की काल पुरलं ते आज पुरत नाही. कंडक्टर म्हणाले, “मावशी, भाजी बरी झाली!” टाळी दिली मला. त्या दिवशी मी इतकी सुखानं घरी गेले, मॅडम, तुम्हाला खोटं वाटेल. ताईला फोन केला, म्हटलं, ताट चाटून पुसून खाल्लं गं सगळ्यांनी. ती म्हणाली, भाऊजींना सांगते हं, आणि फोन ठेवला. रडत होती. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या दिवशी तो डबा मी घरी ठेवून यायला हवा होता? — हवाच होता. मला माहितीय हवा होता. तुम्ही नका सांगू.

तर ते वेगळं ताट. तीन दिवस मी मास्तरांची भाजी डबा हलवायच्या आधी बाजूला काढली. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी ठेवली. दुसऱ्या दिवशी अर्धी. त्यांचीही जीभ मीच बिघडवली होती ना! तिसऱ्या दिवशी मोठ्यानं म्हणाले, “मावशी, हात बिघडला का आज?” आणि शेजारचे कंडक्टर म्हणतात, छे, फक्कड झालीय, बघू तुमची, आणि चमचा पुढं केला. त्यांच्या ताटात. मी धावले, मॅडम! पाणी सांडल्याचं नाटक केलं, ताट उचललं, दुसरं आणून ठेवलं, पातेल्यातलं. मास्तरांनी खाल्लं आणि माझ्याकडं बघून मान हलवली, शाब्बास म्हटल्यासारखी. चौथ्या दिवसापासून वेगळं ताट बंद. का? तर कुणी विचारेल म्हणून. त्यांच्या चपला दिसत होत्या मला, आणि मी कुणी विचारेल याला भ्याले. — बाकीचे? बाकीच्या एकोणऐंशींचं मला काय ठाऊक! कंडक्टरांच्या बीपीच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या, ते म्हणतात बढती मिळाली. कुणाचं काय वाढलंय ते कुणी मोजून बघितलंय? सगळ्यांना माहिती, इथलं जेवण बिनमिठाचं. सरकारी कागद आहे तसा.

त्या कागदानंच तर मास्तरांचा घात केला. नाही, मी केला, कागदानं मला झाकलं. त्यांची लेक टपाल कचेरीत आहे, आईमागं तिनंच सांभाळलं त्यांना. हॉस्पिटलात न्यायच्या आधीच, सूज बघून, डॉक्टरांनी तिला विचारलं, हे मीठ येतंय कुठनं? ती म्हणाली, घरी मी बिनमिठाचं करते, दुपारी तर योजनेचंच जेवतात. मग राहिलं काय? बाहेरचं. मास्तर म्हणाले, मी बाहेरचं खात नाही. तिनं गल्लीतल्या चार दुकानदारांना विचारलं, त्यांचे खिसे बघितले, गादीखाली बघितलं. बापाचे खिसे, मॅडम! ती काही वाईट नाही हो, जीव आहे तिचा त्यांच्यावर, म्हणूनच बघितले. ते पुन्हा म्हणाले, मी खात नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षांत कुणाचा अर्धा मार्क इकडचा तिकडं केला नाही त्याचं कुणी ऐकेना. मग डॉक्टर म्हणाले, खोटं बोलत नसतील, खाऊन विसरत असतील. या वयात होतं. मग त्यांना तारीख विचारली, वार विचारला, आकडे उलटे मोजायला लावलं. मोजलं त्यांनी फाडफाड, तारीख चुकली दोन दिवसांनी. अहो, मला तरी आजची तारीख कुठं ठाऊक आहे! पण झालं, ठरलं. विसरणाऱ्या माणसांसाठी ते एक घर असतं ना, दाराला आतनं कडी नसलेलं, तिथं जागा मिळालीय. सोमवारी हॉस्पिटलातनं परस्पर तिकडं नेणार. लेकीनं सही केली. मास्तरांनीही केली.

त्यांनी का केली विचारत नाही तुम्ही? — तेच तर मला सांगायचं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं असतं, हे नाही. मागच्या सोमवारी सगळे उठून गेले तरी ते बसून राहिले. मी टेबल पुसत होते. म्हणाले, “मावशी, तुम्ही मला रोज बघता, तुम्हाला माझ्याशी खोटं बोलायचं कारण नाही. मी विसरतो का हो?” म्हणाले, “मला आठवत नाही मी काही खाल्लेलं, पण सगळे म्हणतात म्हणजे खात असणार. दोन अधिक दोन पाच येतात म्हणजे चूक माझ्याच मांडणीत असणार.” डबा माझ्या खिशात होता, मांडीला लागत होता. एक वाक्य होतं, मॅडम. एक. आणि मी काय म्हटलं माहितीय? मी म्हटलं, “वय झालं, मास्तर. होतं असं.” — त्यांनी मान हलवली. हळूच उठले, ग्लास उलटा घातला, बूट ओढत गेले. त्याच्यानंतर त्यांनी सही केली. लेकीचं नाही, डॉक्टरांचं नाही, माझं ऐकून केली.

पेनाला टोपण का लावलंत?

नाही, कळतंय मला. चाळीस स्वयंपाकघरांना कळवून झालंय, पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या स्वयंपाकिणी इथं शिकायला येणार, आता मी हे सांगितलं तर तुमचीही पंचाईत. आणि शेवटी हाच शेरा मारणार ना, की असलं अन्न लोक खात नाहीत, बंद करा? ताईची माती या वर्षी बोलायला लागलीय, एवढाली गाजरं आलीत, बघितलीत ना आत्ता. हे सगळं माझ्या डोक्यात रोज फिरतं, तुम्ही नव्यानं काही सांगत नाही आहात. — काय म्हणालात? मास्तरांना मी वेगळं काही कारण सांगावं? कसलं कारण? त्यांच्यापुरतं? अहो, मीसुद्धा त्यांच्यापुरतंच केलं होतं ते तीन दिवस.

उठा जरा. ती बादली घ्या, दोन्ही हातांनी घ्या, जड आहे. लावा काट्याला. आज सकाळी पातेल्यापुढं डबा काढला आणि हात हललाच नाही माझा, तसाच वर ठेवून दिला. म्हणून तुमच्या ताटात निम्मी राहिली. तुमचा दोष नाही, तुम्हीही माणूसच आहात. — वाचा काटा. — मोठ्यानं वाचा, मॅडम, माझा चष्मा ॲप्रनला अडकलाय. — सतरा. घ्या, ही अशी असते तुमच्या एका सपाट चमच्याची भाजी. तक्त्यावर सतराच लिहा. उद्या काही सुचलं तर लसूण परतून बघेन, चिंच बघेन, कंडक्टरांच्या शिव्या खाईन. आणि तुम्ही कचेरीत जाऊन सांगा, की जीभ वळायला तीन महिने पुरत नाहीत, मातीला तीन वर्षं दिलीत तशी जिभेलाही द्या. देतील न देतील. ताईला संध्याकाळी मी सांगेन, धपाटा घालेल तर बरं.

तो डबा द्या इकडं. — नाही, तुमच्याकडं कशाला ठेवू, मला लागणार आहे. चारला हॉस्पिटलात भेटायची वेळ असते, लेक येते तेव्हा. नुसतं तोंडानं सांगितलं तर ती म्हणेल, मास्तरांची दया येऊन मावशी काहीतरी बोलतेय. म्हणून डबाच ठेवते तिच्या हातात, म्हणते, हलवून बघ. आणि त्यांना सांगते, मास्तर, मांडणी बरोबर होती तुमची. — आता काय राहिलं? नाही, उद्या नाही. उद्या रविवार, परवा नेणार त्यांना. — विचार वगैरे तुम्ही करा, तुमच्याकडं कागद आहेत. सरका, मॅडम, दारात नका उभ्या राहू. सरका म्हटलं ना.